घाईचं अक्षर

मंडळी, दिल्लीचं पोस्टिंग आपल्यात फारसं कुणी मागून घेत नाही. फायली, मीटिंगा आणि सकाळचं ट्रॅफिक. पण रविवार मोकळा मिळतो, आणि या शहरात मोकळा रविवार पायी फिरून घालवावा. आजचा लेख अशा तीन-चार रविवारांचा आहे. विषय लढाईचा नाही, अक्षरांचा आहे. पण त्याची सुरुवात सरहद्दीवर झाली, म्हणून तिथूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी उत्तरेला एका उंच जागी आमची गस्त समोरच्यांच्या गस्तीसमोर आली. जागेचं नाव सांगत नाही. तिथे राहिलेल्यांना पद्धत माहीत आहे: दोन्ही बाजू आपापलं लांब कापड उलगडून धरतात. हा आमचा भाग, मागे जा, एवढाच मजकूर. खाली इंग्रजी ओळ असते. वरची चिनी ओळ तेच म्हणते की आणखी काही, हे दुभाष्यानं सांगायचं आणि आपण मानायचं. एनडीएत मी तीन सत्रं चिनी शिकलो होतो. त्या कापडावरचं एक अक्षर मला ओळखू आलं नाही. थंडीपेक्षा तेच जास्त बोचलं.

दिल्लीत आल्यावर संध्याकाळी पुन्हा चिनीचा वर्ग लावला. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर 'घोडा' काढला, चार वेळा. पहिला होता सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचा. शांग राजांच्या काळात कासवाच्या कवचावर आणि बैलाच्या हाडावर कोरत तसा: डोळा, आयाळ, पाय, शेपूट, सरळ चित्रच. दुसरा छिन सम्राटाच्या काळचा. इसवी सनपूर्व २२१मध्ये त्यानं सगळी राज्यं जिंकली आणि अक्षरंही एकाच वळणाची केली. त्याचा प्रधान ली स याच्या नावावर ते काम आहे. घोडा अजून ओळखू येत होता, पण आता तो ठरावीक वळणाच्या गोलसर रेघांचा झाला होता. तिसरा चौकोनी, दहा फटकाऱ्यांचा, पायांच्या जागी चार ठिपके. चौथा आजचा: तीन फटकारे, आणि चार ठिपक्यांच्या जागी एक आडवी रेघ.

सर म्हणाले, चित्राचं अक्षर केलं कारकुनांनी. राज्य मोठं झालं, हुकूम, हिशेब, कैद्यांच्या याद्या वाढल्या. बांबूच्या अरुंद पट्टीवर कुंचल्यानं भराभर लिहिताना गोलाई परवडत नाही. वळणं मोडली, कोपरे आले. या वळणाचं चिनी नावच कारकुनी लिपी अशा अर्थाचं आहे. त्याहून घाईची, कुंचला जवळजवळ न उचलता लिहायची आणखी एक लिपी निघाली, तिला गवती लिपी म्हणतात. ती शिकल्याशिवाय चिनी माणसालाही वाचता येत नाही. १९५६मध्ये सरकारनं अक्षरं सोपी करायला घेतली, तेव्हा बरीच रूपं नव्यानं शोधावी लागली नाहीत. घाईच्या हातानं शतकानुशतकं जे लिहिलं जात होतं, तेच छापलं. 'गाडी'चं आजचं अक्षर असंच घाईच्या लिखाणातून वर आलेलं आहे.

वर्ग संपल्यावर मी सरांना विचारलं, आमची अक्षरं अशी बदलली का? ते हसले. म्हणाले, तुम्ही दिल्लीत राहता आणि हे मला विचारता? फिरोजशाह कोटल्याला जा.

पुढच्या रविवारी गेलो, गळ्यात दुर्बीण अडकवून. क्रिकेटच्या मैदानाला लागून हा जुना किल्ला आहे. आत तीन मजली पडक्या इमारतीच्या माथ्यावर अशोकाचा स्तंभ उभा आहे. एकाच दगडाचा, सुमारे १३ मीटरचा, आणि अजून चकाकणारा. तो मूळचा इथला नाही. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकानं तो आजच्या हरियाणातल्या टोपरा गावाहून आणला. शम्स सिराज अफीफ या इतिहासकारानं त्या हलवण्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे, ते आपल्या इंजिनीअर मंडळींनी जरूर वाचावं. खाली सावरीच्या कापसाच्या राशी घालून त्यावर खांब हळूहळू आडवा केला. बोरू आणि कच्ची कातडी गुंडाळली. बेचाळीस चाकांचा गाडा बनवला, एकेका चाकाला दोनशे माणसं लावली, यमुनेपर्यंत ओढत आणला आणि मोठ्या नावांवर चढवला.

खांब उभा राहिला, पण त्यावरचं लिखाण कुणालाच लागेना. सुलतानानं ब्राह्मण पंडित बोलावले. अफीफ सांगतो की कुणालाही ते वाचता आलं नाही. पुढे तो एक गोष्ट नोंदवतो. काहींनी म्हणे असा अर्थ सांगितला, की फिरोज नावाचा सुलतान येईपर्यंत हा खांब कुणालाही जागचा हलवता येणार नाही, असं यावर लिहिलं आहे. सुलतानाला जे ऐकायचं होतं तेच दगडावर निघालं!

खरं काय लिहिलं होतं ते कळायला १८३७ साल उजाडावं लागलं. कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप अनेक वर्षं या लिपीच्या मागे होता. कॅप्टन एडवर्ड स्मिथ या इंजिनीअर अधिकाऱ्यानं त्याला सांचीच्या स्तूपावरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे पाठवले. प्रिन्सेपच्या लक्षात आलं की यातले बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबानं संपतात. देवळात माणूस नाव कशासाठी कोरतो? दान दिलं म्हणून. 'दानं'. 'द' सापडला, 'न' सापडला, अनुस्वार सापडला आणि कुलूप उघडलं. कोटल्याच्या खांबावर देवानंपिय पियदसि राजा आपण काय काय केलं ते सांगत होता. वाटांच्या कडेनं वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खणल्या, धर्मशाळा बांधल्या. फिरोजशाहाचा त्यात उल्लेखही नव्हता.

दुर्बिणीतून ती अक्षरं पाहताना आधी सगळं परकं वाटतं. मग हळूहळू ओळख लागते. 'क' म्हणजे नुसतं बेरजेचं चिन्ह. 'ग' म्हणजे घराचं छप्पर. 'ठ' म्हणजे नुसता गोल, आणि 'ट' म्हणजे उजवीकडे उघडा अर्धगोल. आजच्या 'ट'-'ठ'कडे बघा. वरची रेघ आणि तिचा देठ काढला तर हे दोघे सव्वादोन हजार वर्षांत फारसे हललेलेच नाहीत. एक गंमत आणखी. या खांबावर 'राजा' शोधू नका, 'लाजा' सापडेल. लिहिणाऱ्यांच्या पूर्वेकडच्या बोलीत 'र'चा 'ल' होत असे.

त्याच खांबावर दुसरंही लिखाण आहे. चौहान राजा विग्रहराज, म्हणजे वीसलदेव, यानं खांब टोपऱ्यात असतानाच विक्रम संवत १२२०मध्ये, म्हणजे सुमारे ११६४ साली, आपला संस्कृत लेख त्यावर कोरवला. ती नागरी आहे. आपल्यासारखा माणूस तिथे थांबून थोडा प्रयत्न केला तर अक्षरं लावू शकतो. एकाच दगडावर आजोबा आणि नातू शेजारी शेजारी आहेत, आणि नातवाच्या काळात आजोबांचं अक्षर कुणाला लागत होतं असं दिसत नाही.

मधला बाप बघायचा असेल तर मेहरौलीला कुतुबच्या आवारात लोहस्तंभाकडे जावं. त्यावरचा चंद्र राजाचा सहा ओळींचा संस्कृत लेख गुप्तकाळातला आहे. हा चंद्र म्हणजे दुसरा चंद्रगुप्त, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे 'क'ची उभी रेघ लांब झालेली आहे आणि आडवी रेघ दोन्ही बाजूंनी खाली झुकलेली आहे. पुढे तिचं डावं टोक वळून उभ्या रेघेला चिकटलं आणि आपल्या 'क'चं पोट तयार झालं. वरची शिरोरेघ कुठून आली? दगडावर छिन्नीनं कोरताना तिची गरज नसते. शाईची लेखणी टेकताना अक्षराच्या माथ्यावर छोटा ठसा उठतो. तो ठसा रुंद झाला, त्याची टोपी झाली, शेजारशेजारच्या टोप्या जोडल्या गेल्या आणि रेघ झाली. म्हणजे इथेही चीनसारखंच घडलं. वळण बदललं ते हत्यारानं आणि रोज लिहिणाऱ्या हातानं.

तिसऱ्या रविवारी उत्तरेच्या रिजवर गेलो. तिथे अशोकाचा दुसरा खांब आहे. तोही फिरोजशाहानंच आणलेला, मेरठहून. फर्रुखसियर बादशहाच्या काळात दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७मध्ये ते जोडून खांब पुन्हा उभा केला. त्याच्या जवळच हिंदुराव हॉस्पिटल आहे. दिल्लीकरांना हे हिंदुराव कोण ते सहसा माहीत नसतं. ते आपले कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. १८५७मध्ये त्यांच्याच वाड्यात सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी तीन महिने मोर्चा धरला होता. खांबाच्या जोडलेल्या तुकड्यांकडे बघत मी बाकावर बसलो, आणि मराठी नावावरून मनात वेगळंच सुरू झालं.

अठराव्या शतकात याच दिल्लीतून पुण्याला रोजच्या रोज मराठी पत्रं जात होती. पेशव्यांचे वकील हिंगणे इथे राहून दरबाराच्या बातम्या लिहीत. पुढे महादजींच्या काळात तर दिल्लीचा कारभारच मराठ्यांच्या हाती होता. ती सगळी पत्रं मोडीत आहेत. आणि मोडी हे आपलं घाईचं अक्षर.

परंपरा सांगते की यादवांचा प्रधान हेमाद्री यानं मोडी आणली. तशीच चिनी परंपरा कारकुनी लिपीचं श्रेय छंग म्याव नावाच्या अधिकाऱ्याला देते. लिपी एका माणसाच्या डोक्यातून निघत नसते, पण दोन्हीकडे लोकांनी ती कारभाऱ्याच्या नावावर लावली हे बरोबरच केलं. मोडीची रीत अशी: आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या, मग बोरू शक्यतो न उचलता रेघेखाली अक्षरं लोंबवत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. दोन शब्दांत जागा नाही. विरामचिन्हं नाहीत. स्वार घोड्यावर बसून पत्राची वाट बघत असेल तर दुसरं काय करणार? शिवकाळात बाळाजी आवजी चिटणिसांनी तिला जे वळण दिलं, ते पेशवाईत इतकं बसलं की चांगल्या कारकुनाचं पान नक्षीसारखं दिसतं.

इथे आपली आणि चिन्यांची वाट वेगळी झाली. छापखाना आला तेव्हा जोडून लिहिलेली मोडी खिळ्यांत बसवणं अवघड होतं. खिळे पाडलेही गेले, पण पुस्तकं बाळबोधीत निघाली. १९१७मध्ये मुंबई सरकारनं कारभारासाठी बाळबोध लिपी ठरवली. मोडी शाळेत आणखी काही दशकं रेंगाळली आणि १९५०नंतर तिथूनही गेली. चिन्यांनी घाईचं अक्षर छापायला घेतलं, आपण ते सोडून दिलं.

यात ते शहाणे आणि आपण वेडे, असं मला म्हणायचं नाही. बाळबोध ही सगळ्या देशाशी जोडणारी लिपी आहे, आणि छपाईला ती सोयीची होती. किंमत त्यांनीही मोजली. तैवान आणि हाँगकाँगनं जुनी अक्षरं ठेवली, त्यामुळे तिथलं पुस्तक बीजिंगच्या पोराला अडखळत वाचावं लागतं. त्यांचंही विस्मरण झालं होतं. कवचा-हाडांवरची ती पहिली लिपी इतकी विसरली गेली होती, की शेतात सापडणारी हाडं ड्रॅगनची म्हणून औषधाच्या दुकानात कुटून विकत. १८९९मध्ये वांग यीरोंग या विद्वानानं त्यावरची अक्षरं ओळखली. मग ती बरीच लवकर वाचली गेली, कारण मधल्या पायऱ्या शाबूत होत्या. इसवी सन १००च्या सुमारास शू शन नावाच्या माणसानं ९३५३ अक्षरांचा कोश करून ठेवला होता, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला जात होता. अक्षर बदललं म्हणून काही नुकसान होत नाही. जुनं आणि नवं दोन्ही जाणणारा माणूस मध्ये राहिला नाही, तर होतं.

आपल्याकडे असे लोक झाले. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं शोधत राहिले आणि १८९८पासून साधनांचे खंड काढले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस खंड छापले. पण पुण्याच्या दप्तरखान्यात न छापलेले रुमाल हजारोंनी आहेत. आणि गावोगावच्या घरांत?

आमच्याच घरात एक कागद आहे. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले आणि परत आले नाहीत. बसऱ्याहून आलेलं त्यांचं एक पत्र देव्हाऱ्याखालच्या डब्यात असायचं, पलटणीतल्या कुणा लिहिणाऱ्याच्या मोडी हातचं. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा व्हायची, आणि आबा, म्हणजे माझे आजोबा, ते उघडून सगळ्यांना वाचून दाखवायचे. त्यातलं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: काही झालं तरी जमीन विकू नका. आबांच्या धाकट्या भावानं पुढे नदीकाठचा तुकडा विकला. बापाचा शब्द मोडला म्हणून आबा मरेपर्यंत त्यांच्या उंबऱ्याला गेले नाहीत. दोन घरांत आजही येणं-जाणं नाही.

रिजवरून परतल्यावर मी मोडीचा वर्ग लावला, पुण्यातल्या एका बाईंचा, रात्री नऊ ते दहा, मोबाईलवर. चिनी आठवड्यातून दोन दिवस, मोडी तीन दिवस. बायको म्हणाली, मराठी माणूस चाळिशी उलटल्यावर मराठी शिकतोय! चार महिन्यांनी त्या पत्राचा फोटो समोर घेतला. दोन रविवार लागले. शब्द कुठे तोडायचा हेच कळत नाही. अडलेल्या जागा बाईंनी सोडवून दिल्या, आणि मी लावलेलं सगळं पुन्हा तपासून दिलं.

पत्रात कुशल आहे, बैलाची चौकशी आहे, पगारातून पाठवलेल्या रुपयांचा हिशेब आहे. आणि मग असं आहे, की सावकार फारच नडला तर नदीकाठचा तुकडा द्यावा, पण पोरांची शाळा सोडवू नये.

मी पुन्हा पुन्हा वाचलं, बाईंनाही दोनदा विचारलं. मग अण्णांना फोन लावला. माझे वडील आता ७८चे आहेत. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही बसलाय ना? पत्र वाचून दाखवतो." सगळं वाचलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग ते म्हणाले, "आबा पेपर वाचायला चष्मा लावायचे. पत्र वाचताना कधी लावलेला आठवत नाही."

आबांची शाळा दुसरीत सुटली होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. धावती मोडी त्यांना येत असेल का, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या आईनं लहानपणी जे सांगितलं असेल, किंवा जे खरं असावं असं त्यांना वाटत होतं, ते कागद हातात धरून ते म्हणत राहिले. फिरोजशाहासमोरचे ते लोकही सगळे लबाडच असतील असं आता मला वाटत नाही. वाचणारा उरला नाही की कागद मुका होत नाही, त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. आणि ते आपण मानतो, त्यावर घरं तोडतो.

कोटल्याला गुरुवारी गेलात तर त्या पडक्या कमानींत लोक अर्ज ठेवताना दिसतील. आजार, कज्जे, पोरीचं लग्न, सगळं कागदावर लिहून तिथल्या जिन्नांना देतात. वर अशोकाचा मजकूर, खाली या चिठ्ठ्या. त्या कोण वाचतं ते देणाऱ्यालाच ठाऊक. पण तुमच्या घरात, माळ्यावर किंवा देव्हाऱ्याखाली मोडीचा कागद असेल तर तो वाचता येतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग होतात, राज्याचं पुराभिलेख खातंही घेतं. निवृत्त मंडळींना वेळ आहे, चिकाटी आहे, नकाशावरच्या खुणा वाचायची सवय आहे. चार महिने पुरतात, हे मी अनुभवानं सांगतो.

अण्णांनी फोन ठेवण्याआधी एकच विचारलं, "दसऱ्याला रजा मिळतीय का?" म्हटलं, अर्ज टाकलाय. "मग ये. काकांच्या घरी जाऊन येऊ. पत्र मी बरोबर घेतो, तू तिथं वाच. सगळं वाच, मधलं काही गाळू नको."